रीम्स : वर कॅथेड्रल, खाली तळघरे

१/४
पॅरिसहून एका दिवसाच्या सहलीला रीम्सला आलेले जोडपे सकाळी शँपेनची तळघरे पाहते आणि दुपारी गॉथिक कॅथेड्रल. दोन्ही स्थळे वेगळी वाटतात. पण एका युद्धाने ती एकत्र बांधली आहेत.

२/४
यांतील काही तळघरे म्हणजे रोमनकालीन खडूच्या खाणी. बारमाही गारव्यामुळे शँपेन मुरवण्यासाठी त्या सोयीच्या ठरल्या. कॅथेड्रलचे बांधकाम १२११ मध्ये सुरू झाले. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक येथेच होत. १४२९ मध्ये सातव्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाला जोन ऑफ आर्क उपस्थित होती.

३/४
१९ सप्टेंबर १९१४. जर्मन तोफगोळ्यांनी उत्तर मनोऱ्याभोवतीच्या लाकडी परांचीने पेट घेतला. छप्पर जळाले, त्यावरील शिसे वितळले. प्रवेशद्वारावरील हसऱ्या देवदूताचे शिर तुटून पडले. पुढे तोफांचा मारा सुरूच राहिला, तेव्हा नागरिकांनी तळघरांचा आसरा घेतला. मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या.

४/४
देवदूताचे शिर पुन्हा बसवले गेले. कॅथेड्रल १९३८ मध्ये पुन्हा खुले झाले. ८ जुलै १९६२ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर तिथल्या प्रार्थनेला एकत्र उपस्थित राहिले. पूर्वी राज्याभिषेकांसाठी ओळखली जाणारी ही वास्तू आता दोन शत्रूंच्या समेटाचीही साक्षीदार ठरली.