छडी, तिकीट आणि झाडू

शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि त्याच्या 17व्या कलमाने शाळेत मुलांना मारायला व त्यांचा मानसिक छळ करायला मनाई केली. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत एक तक्रार कायमची मुक्कामाला आहे: छडी तर काढून घेतलीत, आता शिस्त लावायची कशी? यावर हल्ली सगळ्यांत झटपट मिळणारं उत्तर म्हणजे बक्षीस. भिंतीवर तक्ता, नावापुढे चांदण्या, हाऊसप्रमाणे गुण, महिन्याचा आदर्श विद्यार्थी. हे सगळं अगदी नवं आणि शास्त्रशुद्ध वाटतं. प्रत्यक्षात ते दोनशे वर्षांपूर्वी करून झालेलं आहे, आणि त्याचं पुढे काय झालं याचीही नोंद आहे. ती नोंद वाचली तर छडी आणि चांदणी या एकाच वहीतल्या खर्चाच्या आणि जमेच्या बाजू आहेत असं दिसतं. सबंध शाळेचं वागणं जिथे खरोखर पालटलं तिथे ही वहीच बाजूला ठेवलेली होती, आणि शाळा चालवण्याचं खरंखुरं काम मुलांच्या हातात आलेलं होतं.

गोष्ट सुरू होते मद्रासमध्ये. एग्मोरच्या सैनिकी अनाथालयाचा कारभार 1789 पासून अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे होता. मलबारी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवतात हे त्याने पाहिलं; आपल्याकडच्या धूळपाटीचीच ही बहीण. त्याने ती रीत उचलली आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवायला सुरुवात केली. 1797 मध्ये त्याने त्यावर अहवाल छापला. पुढच्याच वर्षी लंडनच्या सदर्क भागात जोसेफ लँकेस्टरने शाळा काढली आणि एका मास्तराच्या हाताखाली शेकडो पोरं बसवून दाखवली. मास्तर एक, बाकी सगळे मॉनिटर. लँकेस्टर क्वेकर पंथाचा, फटके मारण्याच्या विरुद्ध. म्हणून त्याने तिकिटं काढली. चांगला वागला, धडा नीट म्हटला की तिकीट. तिकिटं साठली की चेंडू, बॅट, पतंग. गळ्यात मिरवायला बिल्लेही होते. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला काय होतं, तर गप्पा मारणाऱ्याच्या मानेला लाकडाचा ओंडका अडकवणं, पायांत खोडा घालून वर्गात फिरवणं आणि फारच झालं तर पोराला टोपलीत बसवून छताला टांगणं, म्हणजे खाली बाकीच्यांनी हसावं. अंगावर वळ एकही नाही! आजच्या 17व्या कलमाखाली मात्र यातल्या सगळ्याला मनाई आहे.

या दोन्ही गोष्टी एकाच दयाळू माणसाच्या डोक्यातून निघाल्या, हा काही योगायोग नव्हे. चांगल्या वागण्याला तिकीट द्यायचं तर प्रत्येकाच्या वागण्यावर सतत नजर हवी, आणि ती नजर पुन्हा मुलांचीच. ज्याला तिकीट कधी मिळतच नाही, त्याच्यासाठी त्या तिकिटाला काही किंमत उरत नाही. मग त्याला ताळ्यावर आणायला अपमानावाचून दुसरं साधन राहत नाही. मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, 1820 नंतरच्या दशकात, नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळांमधून ही मॉनिटरची पद्धत आली. तिच्यासमोर होती पंतोजींची शाळा, जिथे अंगठे धरणं, कोंबडा आणि छडी हे उजळणीइतकेच नेमाचे होते. नव्या पद्धतीने पुस्तकं आणली, वर्ग आणले, वेळापत्रक आणलं. छडी मात्र तिला हलवता आली नाही. इंग्लंडनेही 1846 पासून मॉनिटर सोडून उमेदवार-शिक्षकांची वेगळी पद्धत धरली. आपल्याकडे मॉनिटर अजून टिकून आहे, फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहीत.

दुसरा धागा कोल्हापूरचा. शाहू महाराजांच्या काळात तिथे बोर्डिंगं निघाली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि मागोमाग इतर जातिधर्मांची. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झालं. त्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून आत येण्याचं फर्मान निघालं. तो नाही म्हणाला आणि त्याला बोर्डिंगातून काढून टाकण्यात आलं. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्या बोर्डिंगच्या शिस्तीत तसं पाहिलं तर काही उणं नव्हतं. नियम होता, तो सगळे पाळत होते, मोडणाऱ्याला शिक्षा झाली. वर्तनाचा तक्ता तिथे लावला असता तर भाऊराव सोडून सगळ्यांना चांदण्या मिळाल्या असत्या. म्हणून 'मुलं नियम पाळतात' एवढ्यावर कोणत्याही शाळेला शाबासकी देता येत नाही. नियम कोणता, हे आधी विचारावं लागतं.

भाऊरावांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. कोल्हापूरच्या बोर्डिंगांत जातवार पंगती होत्या. इथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसली. 1927 मध्ये गांधीजी येऊन गेले आणि या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. पैसा नव्हताच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मुलांच्या पोटासाठी मोडले गेले, मंगळसूत्रही त्यातून सुटलं नाही. साहजिकच स्वयंपाक, पाणी भरणं, झाडलोट, शेतातली कामं मुलांच्या अंगावर आली. भाकऱ्या थापायची पाळी आज माझी असेल आणि मी झोपून राहिलो, तर मास्तर रागावण्याच्या आधी पंगतीतली पोरं उपाशी राहणार. अशा ठिकाणी वेळेवर उठण्यासाठी तिकीट लागत नाही. शिवाय मराठ्याच्या पोराने थापलेली भाकरी महाराच्या पोराने आणि महाराच्या पोराने भरलेलं पाणी मराठ्याच्या पोराने घ्यायचं, तर समतेवर वेगळा तास घेण्याचीही गरज उरत नाही. पुढे 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं ते याच 'कमवा आणि शिका'च्या पायावर.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी छात्रालय सांभाळत. मुलांच्या खोल्या ते स्वतःच झाडत, पसारा आवरत, आणि हळूहळू मुलंच ओशाळून झाडू हाती घेऊ लागली. गुरुजी रोज हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत, हेही त्यातच धरायला हवं. घराचं काय चाललंय ते रोज सगळ्यांना कळत होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि 1957 नंतर कोसबाडला वारली मुलांच्या दारात शाळा नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. ही मुलं शाळेत टिकत नाहीत, ऐकत नाहीत, असा बोभाटा होता. खोट मुलांमध्ये शोधण्याऐवजी त्यांनी शाळेची जागा आणि वेळच बदलली.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला, की हे सगळं वसतिगृहात जमतं. पाच तासांच्या शाळेत, साठ पोरांच्या वर्गात कसं जमणार? पण कोसबाडची शाळा वसतिगृह नव्हती, कुरणशाळेला तर भिंतीही नव्हत्या. दुसरा, की ही थोर माणसांची जादू, पद्धत नव्हे. भाऊराव मवाळ गृहस्थ नव्हते, त्यांचा दरारा होता, हे मान्यच करायला हवं. तरीही एकट्याच्या दराऱ्यावर एक वसतिगृह चालेल. रयतच्या शाळा त्यांच्यामागेही जिल्ह्याजिल्ह्यांत पसरल्या. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: मुलांना झाडू देणं म्हणजे राबवून घेणं, आणि आपल्या देशात झाडू कोणाच्या हाती जातो हे सगळ्यांना माहीत आहे. हे खरं आहे. ठरावीक मुलांनाच संडास धुवायला लावणाऱ्या शाळेला साताऱ्याचा दाखला देण्याचा काडीचाही अधिकार नाही. साताऱ्यात पाळी सगळ्यांची होती आणि अमळनेरला पहिला झाडू गुरुजींचा होता. या दोन अटी गाळल्या की उरते ती फुकटची मजुरी, आणि तिला शिक्षण म्हणू नये.

अमेरिकेत 1997 च्या कायदादुरुस्तीनंतर सबंध शाळेच्या वर्तनासाठी बक्षिसांच्या योजना मोठ्या प्रमाणावर आल्या. त्यांनी मारापेक्षा नक्कीच बरं साधलं असेल. लँकेस्टरनेही साधलं होतं. आपल्याकडे मात्र वेगळा अनुभव घरातच आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत पोषण आहारासाठी परसबागा केल्या आहेत. तिथे कोणती भाजी लावायची ते कोण ठरवतं, पाण्याची पाळी खरंच सगळ्यांची असते का, आणि खुरपं धरणाऱ्यांत मुख्याध्यापक असतात की नाही, हे तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कचेरीत बसण्याआधी बघून घ्यावं.