नांदेड-लातूर भागातील जपानी मोटार आणि ‘गाडी बांधण्या’ची परंपरा

पूर्व आफ्रिकेतील नैरोबी आणि मराठवाड्यातील नांदेड या दोन शहरांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात, आणि त्यामुळे जपानात वापरलेली, उजव्या बाजूस सुकाणूचक्र असलेली मोटार दोन्हीकडे काही फेरफार न करता चालू शकते. असे असूनही दोहोंचा मोटार-इतिहास अगदी भिन्न आहे. गेल्या काही दशकांत मोंबासा बंदरावर जपानी स्टेशन वॅगन मोटारी एकसारख्या उतरत राहिल्या व पूर्व आफ्रिकेचे रस्ते त्यांनी व्यापून टाकले. न्यूझीलंडमध्येही १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून हेच घडले. नांदेड व लातूर येथे मात्र अशी मोटार अपवादानेच आली असेल. या भागाला जपानी यंत्राचे वावडे होते म्हणावे, तर तसेही नाही. जपानी इंजिने व जपानी आराखड्याच्या गाड्या येथे पुष्कळ आल्या. फरक आहे तो त्या कोणत्या रूपाने आल्या आणि आल्यावर मालकाने त्यांचे काय केले, यात.

ज्या गाडीचा हा प्रश्न आहे तिचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. स्टेशन वॅगन म्हणजे मागील सामानाची जागा छपराखाली घेऊन लांबविलेली कुटुंबाची मोटार. जपानात १९८९ साली सुबारू कंपनीची ‘लेगसी’ व १९९६ साली निसानची ‘स्टेजिया’ निघाली, आणि या साध्या घरगुती गाडीला वेगवान मोटारीची प्रतिष्ठा आली. ‘स्टेजिया’त तर त्याच कंपनीच्या ‘स्कायलाइन’ या शर्यतप्रसिद्ध मोटारीच्या जातकुळीतील सहा सिलिंडरांचे इंजिन बसविलेले होते. अशा गाडीचा हौशी मालक ती विकत घेऊन थांबत नाही. तो टर्बो बदलतो, स्प्रिंगा आखूड करून गाडी जमिनीलगत आणतो, धुराची नळी रुंद करतो. या सर्व फेरफारांचा हेतू एकच, वेग. मराठवाड्यातील मालकानेही आपल्या गाड्यांत फेरफार केले, परंतु त्याचा हेतू बहुधा याच्या उलट होता. त्याला हवी होती जागा. तो स्प्रिंग आखूड करीत नसे. कमानपाट्यांत एखादा पाटा वाढवून घेत असे.

परदेशी तयार गाडी येथे का आली नाही, याचे उत्तर मुख्यतः आयातधोरणात आहे. १९४९ साली पूर्ण बांधणीच्या मोटारींची आयात बंद करण्यात आली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, ज्यांना देशातच उत्पादन करावयाचे नव्हते, केवळ सुटे भाग जोडावयाचे होते, अशा कंपन्यांना येथे स्थान उरले नाही. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना १९५४ साली बंद झाला. पुढे दीर्घकाळ, परदेशी राहून परतणाऱ्याची स्वतःची गाडी, किंवा वकिलातींच्या वापरातून निघून सरकारी लिलावात आलेली गाडी, एवढ्याच काय त्या वाटा मोकळ्या होत्या. २००१ साली आयातीवरील संख्यात्मक बंधने उठली खरी; पण वापरलेल्या मोटारीसाठी ती तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणूचक्र उजवीकडे असावे, ती मुंबई बंदरातूनच यावी अशा अटी आल्या, आणि जकात किमतीच्या शंभर टक्क्यांहून अधिक राहिली. केनियात आठ वर्षांपर्यंतची जुनी गाडी आणता येते. तीन व आठ या दोन आकड्यांतील अंतर लहान दिसते, पण गाडीची किंमत सर्वांत झपाट्याने उतरते ती याच वर्षांत, हे ध्यानात घेतले म्हणजे नैरोबीच्या मध्यमवर्गीयाला जे शक्य झाले ते नांदेडच्या व्यापाऱ्याला का झाले नाही, हे निराळे सांगावे लागत नाही.

परंतु केवळ मनाईने इतिहास पुरा होत नाही. मनाईच्या काळात येथे जे झाले ते हैदराबाद संस्थानापासून चालत आलेल्या एका सवयीने झाले. ही सवय समजून घेण्यासाठी या दोन गावांच्या दळणवळणाची मूळ स्थिती पाहावी लागते. नांदेड गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे जाणाऱ्या मीटर मापाच्या लोहमार्गावर होते. लातूरला १९११ साली आगगाडी पोहोचली ती बार्शी लाइट रेल्वेची, म्हणजे अवघ्या अडीच फुटी रुळांची. दोन मापांच्या रुळांमुळे एकीकडचा डबा दुसरीकडे जात नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. लातूरच्या बाजारपेठेला रुंद मापाचा मार्ग मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. लोहमार्गाची ही उणीव रस्त्याने भरून काढली, आणि रस्त्यावर प्रथम आले ते सरकारच. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्या व १६६ नोकर घेऊन मोटारवाहतूक सुरू केली. सरकारी मालकीची इतकी जुनी बससेवा हिंदुस्थानात क्वचितच सापडेल. गाड्या स्कॉटलंडच्या ॲल्बियन कंपनीच्या होत्या. त्यांच्या क्रमांकातील ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या मातोश्री जोहराबेगम यांच्या स्मरणार्थ घातले गेले अशी आख्यायिका हैदराबादेत सांगतात. ती खरी असो वा नसो, परदेशी यंत्राला आपले नाव देण्याची हौस तीत दिसते.

दुसरे महायुद्ध चालू असता १९४२ साली हैदराबादेत ऑल्विन मेटल वर्क्स हा कारखाना निघाला. संस्थानाच्या औद्योगिक निधीचा त्यात भाग होता. परदेशी चासीवर बसचा देह बांधणे हे त्याचे एक प्रमुख काम होते. येथे मराठीतील ‘बांधणे’ हे क्रियापद मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. घर बांधतात, तशी गाडी ‘बांधून घेतात’. सुताराने घडविलेल्या बैलगाडीविषयी हा शब्दप्रयोग मोटार येण्यापूर्वीही रूढ होता. मालवाहू गाडी निराळी, माणसांच्या प्रवासाची हलकी दमणी निराळी, आणि दोहोंची मापे घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे व बैलांच्या ताकदीप्रमाणे ठरत. मोटार आली तेव्हा चासी हा बैलांच्या जागी आलेला भाग झाला व वरची पेटी पूर्वीप्रमाणेच बांधून घेण्याची वस्तू राहिली. अर्धी वस्तू बाहेरून घ्यावयाची व उरलेली येथे पुरी करावयाची, ही रीत अशी रुळली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाची सत्ता संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ जुलै १९६१ रोजी येथील सरकारी बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. परंतु बांधणीची रीत मोडली नाही. महामंडळाने ती दापोडी, हिंगणा व चिकलठाणा येथील आपल्या कार्यशाळांत चालविली, तर खाजगी मालकाने ती रस्त्याकडेच्या गॅरेजात चालविली.

जपानी यंत्र या भागाच्या उंबरठ्यावर आले ते १९८० नंतरच्या दशकात, आणि तेही अर्ध्याच रूपाने. हलक्या मालमोटारींसाठी चार जपानी कंपन्यांशी सहकार्याचे करार झाले: डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी व ऑल्विन-निसान. यांतील शेवटची वर उल्लेखिलेल्या ऑल्विनचीच शाखा. तिचा कारखाना जहीराबादेस निघाला. हे गाव आज तेलंगणात असले, तरी उदगीर किंवा निलंग्याहून बिदरमार्गे जाणाऱ्यास ते दूर नाही. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. म्हणजे संस्थानकाळी ज्या कारखान्याने ॲल्बियनच्या चासीवर देह बांधले, त्याच्याच नावाखाली, त्याच प्रदेशात, आता निसानची ‘कॅबस्टार’ जोडली जाऊ लागली. पुढे केबिन व मागे उघडी चासी असे तिचे रूप होते. मागे फळ्यांचा हौदा बांधावयाचा की प्रवासी मिनीबस करावयाची, हे घेणाराने ठरवावयाचे.

हा प्रयोग टिकला नाही. त्याचे खापर पुष्कळदा व्यवस्थापनावर फोडले जाते, पण खरा घाव नाण्याच्या बाजारात बसला. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच राष्ट्रांनी केलेल्या समझोत्यानंतर येन महागत गेला. डॉलरला सुमारे २४० येन मिळत होते ते १९८७ च्या अखेरीस १२० च्या आसपास आले. जपानातून येणाऱ्या प्रत्येक सुट्या भागाची किंमत त्याबरोबर चढली. त्याच सुमारास, १९८६ साली, टाटांची ४०७ बाजारात आली. तिचे भाग देशातच होत. १९८९ साली जहीराबादचा कारखाना महिंद्र कंपनीकडे गेला.

याच काळात जपानी इंजिन दुसऱ्या एका वाटेने देशी मोटारीत शिरले. हिंदुस्थान मोटर्सने इसुझू कंपनीच्या आराखड्याची इंजिने पीथमपूर येथे तयार केली व ती प्रथम ‘काँटेसा’त, मग १९९० नंतरच्या दशकारंभी ‘ॲम्बेसेडर’मध्ये बसविली. ॲम्बेसेडरचा देह इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. त्यात १८०० घनसेंटिमीटरचे जपानी इंजिन व पाच गतींची पेटी आल्यावर ती गाडी पूर्वीपेक्षा बरीच चपळ झाली. हे संकर कंपनीने केले म्हणून त्याला ‘नवा नमुना’ म्हटले गेले. तेच काम गावच्या मिस्त्रीने, पेट्रोलचे जुने इंजिन उतरवून मॅटाडोरचे डिझेल इंजिन चढवून केले, तर त्याला ‘फेरफार’ म्हणावयाचे! शब्दांतील हा भेद तांत्रिक नाही. कोणाला गाडी पुरी करण्याचा अधिकार आहे, हा त्यामागचा प्रश्न आहे.

मराठवाड्यात खऱ्या अर्थाने घरोघरी ओळखीची झालेली जपानी वॅगन म्हणजे ‘क्वालिस’. टोयोटा व किर्लोस्कर समूह यांच्या भागीदारीत बिडदी येथे तिचे उत्पादन २००० साली सुरू झाले व २००५ साली थांबले. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानाने उद्योगाला आरंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव अशा रीतीने जपानी गाडीशी जोडले गेले. वेगाच्या दृष्टीने ती सामान्य होती. २४४६ घनसेंटिमीटरचे तिचे डिझेल इंजिन टर्बोवाचूनचे होते. पण चौकट भक्कम, मागे कमानपाटे, आणि आत आठ-दहा माणसांची सोय. लग्नाचे वऱ्हाड, निवडणुकीचा दौरा, हैदराबाद वा सोलापूरच्या दवाखान्याची खेप, या सर्वांना ती पुरी पडे.

तिचे मूळ पाहिले म्हणजे ती येथे का रुळली याचा उलगडा होतो. क्वालिस ही इंडोनेशियातील ‘किजांग’ या गाडीची भारतीय आवृत्ती. १९७७ साली किजांग निघाली तेव्हा ती एक साधी मालवाहू गाडी होती. तिच्यावर प्रवासी वॅगनचा देह बांधण्याचे काम तेथील स्थानिक कारागीर करीत. त्या कारागिरांनी लोकांची गरज दाखवून दिली व नंतर कंपनीने स्वतःच वॅगन करावयास घेतली. म्हणजे नांदेड-लातूरच्या रस्त्यावर जी ‘तयार’ जपानी गाडी आली, तीसुद्धा मुळात जावामधील गावठी बांधणीतून घडलेली होती. त्याच वेळी मारुतीने सुझुकीच्या घाटणीची ‘बलेनो अल्टुरा’ ही खरीखुरी स्टेशन वॅगन विकावयास काढली होती. १६०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी वेगवान जपानी वॅगनच्या कल्पनेला क्वालिसपेक्षा पुष्कळच जवळची. पण ती फारशी खपली नाही व लवकरच बंद पडली. पेट्रोलचा खर्च सोसून, पाचच माणसे नेणारी लांब गाडी घेण्याचे प्रयोजन येथे कोणास वाटले नसावे.

आता कायद्याकडे वळले पाहिजे, कारण या परंपरेचा अंत बाजाराने नव्हे, तर कायद्याने घडविला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात, व प्रथम १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्येही, फेरफाराची कसोटी नोंदणीपुस्तक ही होती. गाडी व पुस्तक यांत तफावत पडेल असा बदल करावयाचा असल्यास मालकाने कळवावे, मान्यता घ्यावी व नोंद दुरुस्त करून घ्यावी. बदलाला मज्जाव नव्हता, लपविण्याला होता. २००० सालच्या दुरुस्तीने कसोटीच पालटली. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू नये, असे कलमाचे नवे रूप झाले. इंधनाच्या मान्यताप्राप्त संचासारखे काही अपवाद तेवढे राहिले. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला, आणि त्याच वर्षाच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

या बदलामागे सबळ कारण होते, हे नाकारता येणार नाही. मराठवाड्यात ‘काळी-पिवळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जीपगाड्यांत समोरासमोर बाके टाकून, मागे उभे राहण्यास फळी जोडून, टपावरही माणसे बसवीत. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला, पाटा वाढविल्याने ती ताठ झाली, आणि गतिरोधक मात्र मूळचेच राहिले, तर वळणावर काय होते हे सांगण्यास अभियंता लागत नाही. ज्या गावाला दिवसाकाठी एकच बस येई, तेथील माणसाने त्या फळीवर पाय ठेवला तो हौसेने नव्हे, हेही तितकेच खरे. तथापि, धोक्याची फळी आणि विचारपूर्वक बदललेले इंजिन यांना एकाच मापाने मोजणारा नियम हा तपासणीच्या यंत्रणेची उणीव झाकतो, असे म्हणणे भाग आहे. पूर्वीचा नियम अधिक शहाणा होता. तो राबविण्यास जाणते निरीक्षक पुरेसे हवे होते.

क्वालिसचे उत्पादन २००५ मध्ये थांबल्याने २०२० पर्यंत तिची प्रत्येक गाडी पंधरा वर्षांची झाली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच वर्षांपुरती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ५००० रुपये झाले. एमएच-२४ व एमएच-२६ या लातूर व नांदेडच्या क्रमांकांखाली नोंदलेल्या या गाड्या त्या तपासणीस उभ्या राहतात, तेव्हा नोंदणीपुस्तकातील आसनसंख्या, रंग व इंधन यांच्याशी त्या ताडून पाहिल्या जातात. वाढविलेले बाक, २०१७ च्या अखेरीस मनाई झालेला पुढचा लोखंडी कठडा, आणि २०१२ च्या न्यायालयीन आदेशाने वर्ज्य ठरलेली काचांवरील काळी फिल्म, हे सारे त्यापूर्वी उतरवावे लागते.