हनुवटी ‘वडिलांवर’ का जाते? जबड्याच्या वाढीत जनुकांचा वाटा किती?

‘नाक आईचं, हनुवटी मात्र अगदी वडिलांची!’ असं आपण सहज म्हणतो. जबड्याच्या बाबतीत या बोलण्यात बरंच तथ्य आहे.

राजघराण्याचा जबडा

युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्यात अनेकांचा खालचा जबडा पुढे आलेला होता. त्यावरूनच ‘हॅब्सबर्ग जबडा’ हे नाव पडलं. या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं होत. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१-१७००) याचे आई-वडील तर नात्याने भाची आणि मामा होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० शल्यचिकित्सकांनी घराण्यातल्या १५ जणांची ६६ चित्रं तपासली. रक्तनातं जितकं जवळचं, तितका जबडा अधिक पुढे, असा संबंध त्यात दिसला.

मग सगळं जनुकांच्याच हातात?

नाही. जबड्याची वाढ एक नाही, अनेक जनुकं मिळून ठरवतात. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार जबड्याच्या हाडांच्या ठेवणीवर आनुवंशिकतेचा प्रभाव जास्त असतो. दातांच्या रांगेवर मात्र बाहेरच्या गोष्टींचाही बराच परिणाम होतो. उदाहरणार्थ, अंगठा चोखण्याची सवय, दुधाचे दात वेळेआधी पडणं.

वय का महत्त्वाचं?

तारा लावून दात सरकतात, पण जास्त वाढलेलं हाड आखूड होत नाही. वरचा जबडा मागे राहिला असेल, तर साधारण ७ ते १० या वयात ‘फेस मास्क’ लावून त्याला पुढे वाढायला मदत करता येते. खालचा जबडा किशोरवयाच्या शेवटापर्यंत वाढत राहतो. वाढ थांबल्यावर मोठा फरक दुरुस्त करायचा, तर बहुतेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते.

जिभेच्या व्यायामाने ‘जॉलाइन’ बदलते असं सांगणाऱ्या रील्सना पुरेसा वैज्ञानिक आधार नाही.

पालकांनी काय करावं?

अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संघटना ७ वर्षांपर्यंत पहिली तपासणी करण्याचा सल्ला देते. तपासणीला जाताना आई-वडील, आजी-आजोबा, काका-मामा यांच्यात कुणाचा जबडा पुढे किंवा मागे असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. जमल्यास जुने फोटोही न्या. मुलाचा जबडा पुढे कसा वाढेल, याचा अंदाज बांधायला त्याची मदत होते. ‘घराण्यातच आहे, काय करणार?’ म्हणून गप्प बसलात, तर उपचाराचं सोपं वय निघून जाऊ शकतं.