कचेरीचं इंग्रजी

नोकरीसाठी परकी भाषा शिकणं लातूरकराला नवीन नाही. निजामाच्या राज्यात कचेरीत आधी फारसी चाले, १८८०च्या दशकापासून उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवत आणि इंग्रजी विषय सक्तीचा असे. मराठी उरली घरात, मोंढ्यात आणि भजनात.

माझे वडील उदगीरला उर्दूतून शिकले आणि तहसिलीत कारकून झाले. शेतकरी मराठीत सांगायचा, वडील उर्दूत लिहून घ्यायचे. खासरा, सेतवार, नक्कल, तकावी हे शब्द दोघांच्याही तोंडातले, त्यामुळे काम अडत नसे. वडिलांना गालिब कधी कळला नाही, पण बांधाच्या भांडणाचा अर्ज ते झोपेतही लिहू शकत. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा टिपणी मराठीत कशी लिहायची हे त्यांना नव्याने शिकावं लागलं. त्यांच्या काळच्या उर्दू दप्तराला अजून भाव आहे. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ते वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं.

माझ्या पिढीचं इंग्रजी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घडलं. कारकुनाला मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द यायला हवेत, असा दंडक होता. रिमिंग्टनवर तीच तीच पत्रं बडवून ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’ बोटांत पक्कं बसलं. तोंडातून मात्र शब्द फुटेना.

तो फुटला भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. त्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं, त्यामुळे पाहणीला येणारे पाहुणे इंग्रजीत विचारत आणि अहवालही इंग्रजीत मागत. मी तेव्हा पुनर्वसनाच्या कामावर होतो. एका पाहुण्याने विचारलं, शेजारशेजारच्या वस्तीत घरं लहानमोठी का? मी म्हणालो, “धिस, लँडलेस. टू फिफ्टी स्क्वेअर फूट. दॅट, मोअर दॅन सेव्हन हेक्टर. सेव्हन फिफ्टी.” व्याकरणाचा पत्ता नव्हता, पण त्यांनी आकडे वहीत उतरवून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला. पलीकडे आमचा गवंडी त्यांच्या इंजिनिअरला प्लिंथ आणि लिंटेल हात लावून दाखवत होता. त्याला शाळा ठाऊक नव्हती, पण हे शब्द त्याच्या रोजच्या कामातलेच होते.

मग मी एक वही केली. काम का रखडलं, पाणी कधी येणार, यादीत नाव का नाही, असे रोज येणारे प्रश्न आणि त्यांची दोन-दोन ओळींची उत्तरं तीत लिहिली. सकाळी ती मोठ्याने वाचायची आणि दिवसभर वापरायची. वडील उर्दू अशीच शिकले होते, अर्जावरून अर्ज.

पुण्यात हिंजवडीला नोकरीला गेलेली आमच्याकडची पोरं मीटिंगमध्ये गप्प बसतात आणि महागडे स्पोकन इंग्लिशचे क्लास लावतात. क्लास खुशाल लावा. पण आधी गेल्या महिन्यातले आपलेच ईमेल काढा, त्यात परत परत येणारी वाक्यं उतरवून घ्या आणि ती मोठ्याने म्हणा. कामापुरती भाषा कामातूनच येते. साहेबी उच्चार आले नाहीत, तरी त्यावाचून काही अडत नाही.