लहान बोअरची बंदूक आणि भारतीय पक्षिशास्त्र

पक्षिशास्त्राचा इतिहास शिकविताना बंदुकीचा उल्लेख आपण सहसा टाळतो. डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) यांच्यासंबंधी वर्गात बोलताना तर हा संकोच अधिकच जाणवतो. परंतु या साधनाला वगळल्यास त्यांच्या कार्याचा अर्धा भाग अनाकलनीय राहतो. म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

छऱ्याच्या बंदुकीचे ‘बोअर’ हे जुने माप आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्यास त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते, ती बारा बोअर. साहजिकच आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोअरच्या काडतुसात साधारणतः ३२ ग्रॅम छरे असतात, वीस बोअरमध्ये २५, तर अठ्ठावीसमध्ये २१ ग्रॅम. ‘चारशे दहा’ या बंदुकीचे नाव मात्र नळीच्या व्यासावरून (०.४१० इंच) पडले आहे. तिच्या काडतुसात जेमतेम १४ ग्रॅम छरे मावतात.

माळरानावरील तित्तर, लावा यांसारखे पक्षी जवळून एकदम उडतात. त्यांच्यासाठी हलकी, लहान बोअरची बंदूक सोयीची ठरे. मात्र छरे कमी असल्याने अंतर कमी आणि नेम अचूक असावा लागे. अन्यथा पक्षी जखमी होऊन झुडपात नाहीसा होई. संग्राहकांना हीच बंदूक वेगळ्या कारणाने उपयोगी पडली. मोठ्या काडतुसाने चिमुकल्या पक्ष्याच्या चिंधड्या होत. बारीक छऱ्यांच्या लहान काडतुसाने कातडे शाबूत राही.

सालिम अलींचा या विद्येत प्रवेश शिकारीतूनच झाला. बालपणी छऱ्याच्या हवाई बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हा पक्षी खाणे विहित आहे की नाही, या शंकेने ते मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे गेले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलर्ड यांच्याकडे पाठविले. हलाल-हरामच्या बालसुलभ प्रश्नातून एक शास्त्रज्ञ घडू लागला, ही घटना आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

१९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद राज्यात पक्ष्यांची पाहणी केली. आजचा मराठवाडा त्या वेळी याच राज्यात होता. पक्षी टिपणे, कातडे सोलून भरणे, त्यावर स्थळ, दिनांक व लिंग यांची चिठ्ठी बांधणे, ही त्या काळची मान्य कार्यपद्धती होती. ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह ही पाहणी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास किहीम येथे त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला, तो मात्र निरीक्षणाने. म्हणजे बंदूक आणि दुर्बीण ही दोन्ही साधने त्यांच्या हाती एकाच काळात होती. कोणत्या प्रश्नाला कोणते साधन, याचा विवेक महत्त्वाचा होता. पुढे संवर्धनाचे पुरस्कर्ते झाल्यावरही, शास्त्रीय संग्रहाशिवाय वर्गीकरण पुढे गेले नसते, हे मत त्यांनी सोडले नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काही शिकारीस परवाना मिळत असे. १९९१ च्या दुरुस्तीने तो मार्गही बंद झाला. हे योग्यच झाले. तथापि संग्रहालयांतील जुनी कातडी आज नव्या अर्थाने मोलाची आहेत. कोणता पक्षी कोठे व केव्हा होता, याचा तो अस्सल पुरावा होय. इतिहासाच्या अध्यापकाने दस्तऐवजाप्रमाणेच या चिठ्ठ्याही वाचावयास शिकवाव्यात. पूर्वसूरींना निर्दोष ठरविण्याची किंवा आरोपी करण्याची घाई न करता त्यांचे काम समजून घेणे, हीच खरी इतिहासदृष्टी.