दर्शन आणि प्रेक्षण : मुंबईच्या एका सहलीचा इतिहास

मुंबईस आलेल्या पाहुण्यास काय दाखवावे, हा प्रश्न प्रत्येक मुंबईकरापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, चौपाटी ही स्थळे अर्ध्या दिवसात होतात. पुरा दिवस हाताशी असेल आणि पावसाळा सरून समुद्र निवळला असेल, तर घारापुरीचा बेत ठरतो. अपोलो बंदरावरून सकाळी लाँच धरावी, तासाभरात बेटावर उतरावे, लेणी पाहावीत आणि दिवेलागणीच्या आत परत यावे, असा या सहलीचा क्रम आहे. तो इतका रूढ झाला आहे की, त्यालाही एक इतिहास असेल हे सहसा ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाकडे मुख्यतः शब्दांच्या आधारे पाहावयाचे आहे.

प्रथम ‘दर्शन’ हा शब्द घेऊ. मराठीत देव दर्शन देतो आणि भक्त ते घेतो. या क्रियापदांच्या जोडीवरून दिसून येते की, दर्शनास दोन पक्ष लागतात व त्यांपैकी देणारा पक्ष श्रेष्ठ असतो. ‘प्रेक्षणीय’ या शब्दाची घडण निराळी आहे. ‘प्र’ उपसर्गासह ‘ईक्ष्’ धातूपासून तो सिद्ध होतो. ‘प्रेक्षक’ व ‘प्रेक्षागृह’ हे त्याचे सोयरे होत. येथे पाहणारा एकटाच कर्ता असतो आणि समोरची वस्तू केवळ पाहण्याजोगी असते. तिने काही द्यावे अशी अपेक्षा नसते. हाच भेद ‘यात्रा’ आणि ‘सहल’ यांत आहे. यात्रेला नवस असतो, पथ्य असते, पुण्य असते. सहलीला शिदोरी आणि परतीची वेळ पुरते. असे असता शहर दाखवीत फिरणाऱ्या बसगाड्यांना आपण ‘मुंबई दर्शन’ हेच नाव दिले. प्रेक्षणाच्या व्यवहाराने दर्शनाचा शब्द उसना घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

घारापुरीच्या बाबतीत ही उसनवारी कशी घडली, हे तिच्या नावांवरून कळते. १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या बेटाचा उल्लेख ‘पोरी’ असा येतो, व आम्ही त्यास हत्तीचे बेट म्हणतो, अशा आशयाची पुस्तीही तो जोडतो. ‘पोरी’ हे स्थानिक ‘पुरी’चेच परक्या कानाने टिपलेले रूप मानणे सयुक्तिक ठरेल. म्हणजे एकाच काळी एकाच बेटाला दोन नावे होती: एक राहणाऱ्यांचे, दुसरे गलबतावरून येणाऱ्यांचे. धक्क्याजवळ एक प्रचंड पाषाणहत्ती उभा होता. दुसरे नाव त्याच्यावरून पडले आणि तेच पुढे ‘एलिफंटा’ या रूपाने जगभर गेले.

त्या हत्तीची कथा उद्बोधक आहे. १८१४ साली त्याचे डोके व मान ढासळली. १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईस आणण्यात आले आणि १९१४ साली ते सांधून पुन्हा उभे केले गेले. आज तो भायखळ्यास, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ज्या वस्तूवरून नाव पडले ती बेटावर उरली नाही. नाव मात्र राहिले. याच्या उलट प्रकार शिलालेखाचा झाला. लेण्यातील एक कोरीव लेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला, परंतु तेथे तो कोणास वाचता आला नाही, अशी नोंद दिओगो दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने केली आहे. तो लेख पुढे नाहीसा झाला. त्यामुळे लेणे कोणी व केव्हा खोदविले याचा निर्णय शैलीवरून आणि बेटावर सापडलेल्या कलचुरी नाण्यांवरून करावा लागतो. बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाचा मध्य सुचवितात.

इंग्रजी अमदानीत बेट ‘पाहण्याचे ठिकाण’ म्हणून स्थिरावले. १८५९ साली लंडनच्या मरे या प्रकाशनसंस्थेने हिंदुस्थानच्या प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. १८७१ साली जेम्स बर्जेस याचा या लेण्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात ‘एलिफंटा’ आणि ‘घारापुरी’ ही दोन्ही नावे शेजारी शेजारी आहेत, हे विशेष. परंतु चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, इंग्लंडचे युवराज मुंबईस आले तेव्हा याच लेण्यात त्यांना मेजवानी देण्यात आली. ज्या जागेत यजमान देव होता, तेथे आता सरकार यजमान झाले. तरीही महाशिवरात्रीस भाविक येथे येत राहिले, हे त्याच शतकातील नोंदींवरून दिसते. प्रेक्षण आले म्हणून दर्शन संपले नाही.

किंबहुना लेण्याच्या रचनेतच या दोहोंना जागा आहे. मुख्य लेण्यात शिवलिंगाचे चार दारांचे गर्भगृह पश्चिमेकडे आहे; पूर्वेकडून येणाऱ्याची वाट सरळ त्याच्याशी जाते. आजचा प्रवासी उत्तरेच्या दाराने शिरतो आणि त्याच्या समोर, दक्षिणेच्या भिंतीत, त्रिमुखी सदाशिव येतो. त्या शिल्पाला आपण सवयीने ‘त्रिमूर्ती’ म्हणतो. वास्तविक ती तिन्ही मुखे एका शिवाचीच आहेत. उत्तरेचे दार मूळचेच आहे, ते सहलवाल्यांसाठी पाडलेले नव्हे. पण दोन वाटांपैकी एकच सर्वांच्या अंगवळणी पडली आणि कित्येक जण गर्भगृहाकडे न वळताच माघारी फिरतात. विद्यार्थ्यांना घेऊन गेलो असता प्रस्तुत लेखकाने त्यांना प्रथम पूर्वेच्या अंगणात नेऊन तेथून आत पाहावयास सांगितले. तेच लेणे वेगळे दिसले, असे त्यांनीच बोलून दाखविले.

आणखी एका गोष्टीकडे मात्र आपणा सर्वांचेच दुर्लक्ष झाले आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे या बेटावर नांदती आहेत. १९८७ साली लेण्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. परंतु समुद्रतळातून केबल टाकून या गावांत कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली. मधली एकतीस वर्षे संध्याकाळचे काही तास चालणाऱ्या जनित्रावर भागवावे लागे. पलीकडे मुंबईचे दिवे दिसत असत. हे सहलीस गेलेल्या लाखो लोकांना ठाऊक नव्हते, याचे कारण साधे आहे: सहल दिवेलागणीपूर्वी संपते. आपल्या पाहण्याच्या वेळेनेच आपल्या ज्ञानाची सीमा ठरविली.

यावरून दोन गोष्टी सुचतात. पहिली, स्थळांचा इतिहास लिहिताना येणाऱ्यांच्या ग्रंथांबरोबर राहणाऱ्यांच्या बोलीतील नावे, बंदरे, शेते व खुणा यांचीही नोंद झाली पाहिजे. ते काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे आणि ते त्याने एक रात्र तरी बेटाच्या माणसांच्या गणिताने मोजून करावयास हवे. दुसरी, ‘दर्शन’ हा शब्द आपण उसना घेतलाच आहे, तर त्यातील देणाऱ्या पक्षाचे भान ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे. घारापुरीत तो पक्ष गाभाऱ्यात आहे, तसाच तो गावातही आहे.