फलन कुठे तुटते?

बारावीच्या गणितात एक प्रश्न हमखास असतो: ‘दिलेले फलन x = 0 पाशी संतत असेल, तर k ची किंमत काढा.’ विद्यार्थी तीन गोष्टी तपासतो. त्या बिंदूपाशी फलनाला किंमत आहे का? डावीकडून आणि उजवीकडून येताना सीमा एकच मिळते का? आणि ती सीमा त्या किमतीएवढीच आहे का? तिन्ही जुळवले की k सापडतो आणि मुले पुढच्या गणिताकडे वळतात. मला मात्र या प्रश्नातले सगळ्यात मोलाचे शब्द ‘x = 0 पाशी’ हे वाटतात. फलन नेमके कुठे संतत आहे, असे विचारायची सोय गणितात फार उशिरा झाली. कलनाचा शोध लागून शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी हा प्रश्न कुणी असा मांडला नव्हता.

1748 साली ऑयलरचा अनंत राशींच्या विश्लेषणावरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात ‘संतत’ वक्र म्हणजे जो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सूत्राने लिहिता येतो तो. मध्येच सूत्र बदलले, की वक्र असंतत. या व्याख्येने y = 1/x चा अपास्त संतत ठरतो, त्याच्या दोन शाखा कुठेही एकमेकींना भेटत नसल्या तरी. उलट शून्याच्या डावीकडे −x आणि उजवीकडे x अशी जोडलेली, पेन्सिल न उचलता काढता येणारी रेघ असंतत. म्हणजे सातत्य हा सूत्राचा गुण होता. सूत्र एक तरी असते किंवा अनेक. ‘कुठे’ विचारण्याला तिथे जागाच नव्हती.

ही कल्पना अपुरी पडली ती एका तारेमुळे. 1747 साली दालांबेरने ताणलेल्या तारेच्या कंपनाचे समीकरण सोडवले. पण तारेचा सुरुवातीचा आकार एकाच सूत्राने दिलेला असला पाहिजे, ही त्याची अट होती. तार मधोमध बोटाने खेचून धरली की दोन सरळ रेघा आणि मध्ये एक कोपरा, असा आकार होतो. तो एका सूत्रात बसत नाही, पण तार तर कंप पावतेच. ऑयलरने बाजू घेतली ती तारेची: हाताने मोकळेपणी काढलेला आकारही चालला पाहिजे. ज्याने सूत्राची व्याख्या घालून दिली, त्यानेच तिच्या बाहेर पाऊल टाकले, याचे मला फार कौतुक वाटते. वाद दशकानुदशके चालला. अखेर 1787 साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने त्यावर बक्षीस लावले आणि स्ट्रासबुर्गच्या आर्बोगास्टने ते जिंकले. त्याच्या निबंधात दोन दोष पहिल्यांदा वेगळे केलेले दिसतात: वक्राचा नियम बदलणे ही एक गोष्ट, आणि वक्राचे तुकडे एकमेकांना न चिकटणे ही दुसरी.

त्यातल्या दुसऱ्या दोषाला नेमके शब्द दिले ते प्रागमधल्या एका धर्मोपदेशकाने. बेर्नार्ड बोल्झानो विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवत असे. फलन एका ठिकाणी ऋण आणि दुसऱ्या ठिकाणी धन असेल, तर मध्ये कुठेतरी ते शून्य होणारच, हे विधान त्याला सिद्ध करायचे होते. आकृतीकडे बोट दाखवून ‘दिसतेच आहे’ म्हणणे त्याला मान्य नव्हते. म्हणून 1817 च्या निबंधात त्याने लिहिले की x मध्ये पुरेसा लहान बदल केला, तर फलनातला बदल हवा तितका लहान करता आला पाहिजे, मग ‘हवा तितका’ म्हणून कोणतीही राशी द्या. सूत्र एक की दहा, याचा त्यात उल्लेखही नाही. दोनच वर्षांनी त्याच्या विचारांमुळे सम्राटाच्या हुकमाने त्याची नोकरी गेली, आणि निबंधाकडे बराच काळ फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

जगापर्यंत पोचली ती कोशीची व्याख्या. पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकसाठी त्याने 1821 साली काढलेल्या पाठ्यपुस्तकात जवळपास हीच कल्पना आहे. ऑयलरच्या जुन्या व्याख्येचा निकाल त्याने पुढे 1844 मध्ये एका उदाहरणाने लावला. x आणि −x जोडून केलेले ते ‘असंतत’ फलन म्हणजेच x च्या वर्गाचे वर्गमूळ. सूत्र एकच झाले! तेच फलन लिहिण्याच्या पद्धतीनुसार संतत किंवा असंतत ठरत असेल, तर तो गुण फलनाचा नव्हेच.

पण कोशीलाही एका ठिकाणी ठेच लागली. संतत फलनांची अनंत श्रेणी अभिसारी असेल, तर तिची बेरीजही संतत असते, असे त्याने म्हटले होते. 1826 मध्ये तरुण आबेलने एका तळटीपेत याला अपवाद दाखवला: sin x − ½ sin 2x + ⅓ sin 3x − … इथे प्रत्येक पद संतत आहे. −π ते π या अंतरात बेरीज x/2 येते. आता आपली तीन पायऱ्यांची कसोटी x = π ला लावून पाहा. तिथे प्रत्येक पद शून्य, म्हणून किंमत शून्य. डावीकडून येताना सीमा π/2, उजवीकडून येताना −π/2. दोन्ही बाजू जुळत नाहीत. फलन तिथे उडी घेते. ‘कुठे’ या प्रश्नाला इथे बोट ठेवून उत्तर देता येते.

‘हवा तितका’ आणि ‘पुरेसा लहान’ या शब्दांना अनुक्रमे एप्सिलॉन आणि डेल्टाचा आजचा साचा मिळाला तो 1861 च्या सुमारास, बर्लिनमधल्या वायरश्ट्रासच्या व्याख्यानांत. अनेक वर्षे लहान गावांतल्या शाळांत शिकवून हा माणूस तिथे पोचला होता. एप्सिलॉन आधी दिला जातो, डेल्टा त्यानंतर शोधायचा असतो. आणि हे सगळे एका ठरवलेल्या बिंदूपाशी.

प्रश्न बिंदूपाशी आल्यावर उत्तरे चक्रावून टाकणारी निघाली. डिरिक्लेने 1829 मध्येच परिमेय संख्यांना एक किंमत आणि अपरिमेय संख्यांना दुसरी, असे फलन मांडले होते. ते एकाही बिंदूपाशी संतत नाही. 1875 मध्ये टोमेने त्याला एक सुंदर भावंड दिले. संक्षिप्त रूपातल्या p/q या अपूर्णांकापाशी किंमत 1/q, अपरिमेय संख्येपाशी शून्य. ½ पाशी किंमत ½, पण आजूबाजूला शून्ये खच्चून भरलेली, म्हणून फलन तिथे तुटते. √2 पाशी मात्र तुटत नाही, कारण √2 च्या जितके जवळ जावे तितके अपूर्णांकांचे छेद मोठे होत जातात आणि 1/q शून्याकडे सरकतो. थोडक्यात, हे फलन प्रत्येक अपरिमेय संख्येपाशी संतत आणि प्रत्येक परिमेय संख्येपाशी असंतत!

मग याच्या उलट, म्हणजे फक्त परिमेय संख्यांपाशी संतत असे फलन करता येईल का? पिसामध्ये शिकणाऱ्या वीस-एकवीस वर्षांच्या व्हीतो व्होल्टेराने 1881 मध्ये दाखवले की नाही. त्याची युक्ती अशी: दोन फलनांचे सातत्यबिंदू रेषेवर सगळीकडे पसरलेले असतील, तर आलटून पालटून एकाचा आणि दुसऱ्याचा सातत्यबिंदू घेत, त्याभोवती आधीच्या आत बसणारा अधिकाधिक छोटा अंतराल निवडत जायचे. प्रत्येक अंतरालात त्या त्या फलनाचा चढउतार शून्याकडे जाईल असा कमी कमी ठेवायचा. सगळ्या अंतरालांत सामावलेला एक बिंदू शेवटी उरतो, आणि तिथे दोन्ही फलने संतत असतात. टोमेचे फलन अपरिमेय संख्यांपाशीच संतत आहे, आणि हवे असलेले दुसरे फलन फक्त परिमेय संख्यांपाशी. दोघांना सामाईक असा सातत्यबिंदू कुठून आणणार?